यीस्ट घडवणाऱ्यांना खुलं पत्र: शुद्ध साखरेत नको, खऱ्या हायड्रोलायझेटमध्ये चालवून दाखवा

नमस्कार,

सेल्युलोजपासून इथेनॉल करायचं म्हणून यीस्टमध्ये जनुकं बसवणाऱ्या, काढणाऱ्या, बदलणाऱ्या सगळ्या लॅबमधल्या मंडळींना हे पत्र आहे, आणि तुमचे प्रोजेक्ट मंजूर करणाऱ्यांना आणि पेपर तपासणाऱ्यांनाही. मी जनुकं बदलणाऱ्यांतली नाही, मी पुढच्या टोकाला असते, म्हणजे तुमचा स्ट्रेन (यीस्टचं घडवलेलं वाण) तयार झाला की तो फर्मेंटरमध्ये, आंबवण्याच्या टाकीत, घालायचा आणि त्याच्याकडून इथेनॉल काढून घ्यायचं हे माझं काम. तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि हे इंधन खरंच व्हावं असं मला कळकळीने वाटतं, म्हणूनच लिहितेय. मागणी एकच आहे: तुमचं यीस्ट शुद्ध साखरेच्या मीडियात, म्हणजे लॅबच्या पोषक द्रावणात, किती छान पळतं हे पहिल्या पानावर सांगू नका, खऱ्या हायड्रोलायझेटमध्ये, म्हणजे काड-लाकडातून काढलेल्या साखरेच्या द्रवात, त्याचं काय होतं ते सांगा.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. झाडाच्या वाळलेल्या भागात, म्हणजे काड, पाचट, भुसा, लाकूड काहीही घ्या, साधारण एक तृतीयांश ते निम्मं सेल्युलोज असतं, त्याच्या खालोखाल हेमिसेल्युलोज आणि या दोघांना चिकटवून ठेवणारं लिग्निन. सेल्युलोज म्हणजे नुसती ग्लुकोजची साखळी, स्टार्चसुद्धा ग्लुकोजचीच साखळी, पण जोडणी वेगळी, त्यामुळे सेल्युलोजच्या साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना घट्ट बिलगून बसतात आणि एन्झाइमला आत शिरायला जागाच देत नाहीत. म्हणून आधी उष्णता, वाफ, आम्ल किंवा अमोनिया वापरून ते सगळं सैल करायचं, त्याला प्रीट्रीटमेंट म्हणतात, मग एन्झाइम टाकून साखर मोकळी करायची, आणि मग यीस्ट. प्रीट्रीटमेंट आणि एन्झाइम यांतून जो साखरेचा द्रव निघतो तो हायड्रोलायझेट.

आता आपलं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, ग्लुकोजवर तुटून पडतं, पण हेमिसेल्युलोजमधून मुख्यतः झायलोज निघतो, पाच कार्बनची साखर, आणि ती त्याला वापरताच येत नाही. हिशोबाने बघितलं तर १०० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ५१ ग्रॅम इथेनॉल मिळू शकतं आणि १०० ग्रॅम झायलोजमधूनही तेवढंच, म्हणजे झायलोज सोडून देणं ही चैन कुणालाच परवडणारी नाही. तुमचं अख्खं क्षेत्र या एका अडचणीतून उभं राहिलं आणि ती तुम्ही ज्या चिकाटीने सोडवलीत ते वाचताना आजही भारावून जायला होतं.

पहिला रस्ता होता दुसऱ्या एका यीस्टचा, ज्याला तेव्हा पिकिया स्टिपिटिस म्हणायचे. त्याची दोन एन्झाइमं आणून बसवायची, एक झायलोजचं झायलिटॉल करतं आणि दुसरं झायलिटॉलचं झायलुलोज, जे आपल्या यीस्टला वापरता येतं. पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांच्या गटाने १९९० च्या दशकात त्यावर, आणि त्याच्या पुढची पायरी वाढवून, ग्लुकोज आणि झायलोज दोन्ही आंबवणारं यीस्ट करून दाखवलं. पण त्यात एक जुनी खोच होती, पहिल्या एन्झाइमला एनएडीपीएच लागतं आणि दुसरं एनएडीएच बनवतं (दोन्ही पेशीतले इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू), ऑक्सिजन नसताना हा हिशोब जुळत नाही, मग पेशी झायलिटॉल तसंच बाहेर टाकून देते आणि इथेनॉल घटतं.

दुसरा रस्ता झायलोज आयसोमरेजचा. एकच एन्झाइम झायलोजचं थेट झायलुलोज करतं, एनएडीचा घोळच नाही. कागदावर सरळ, पण बॅक्टेरियाची आयसोमरेज यीस्टमध्ये वर्षानुवर्षं धड चालेचना. १९९६ मध्ये थर्मस थर्मोफिलसची चालली, पण तो जीव गरम झऱ्यांतला, त्याच्या एन्झाइमला ८५ अंशांच्या आसपास जोर येतो आणि यीस्ट ३० अंशांवर काम करतं, त्यामुळे ती रखडतच होती. आणि मग २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लोकांनी पायरोमायसिस नावाच्या बुरशीची आयसोमरेज यीस्टमध्ये बसवली आणि ती चालली. ही बुरशी मिळाली होती हत्तीच्या शेणातून! जिथे रोज ढिगाने काड पचवलं जातं, ऑक्सिजन नसताना पचवलं जातं, तिथे हे एन्झाइम आधीपासून काम करत होतं. पुढच्या दोन वर्षांत त्याच गटाने यीस्टच्या स्वतःच्या पाच जनुकांची गती वाढवून, झायलिटॉल करणारं जीआरई३ काढून टाकून, ऑक्सिजनशिवाय झायलोजवर वेगाने वाढणारा स्ट्रेन उभा केला.

या गोष्टीकडे मी वारंवार वळते कारण तिच्यात माझा मुद्दा आहे. उत्तर सापडलं ते जिथे प्रत्यक्ष काम चालतं तिथे. ट्रायकोडर्मा रीसी, ज्याच्यापासून आज सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमचा मोठा धंदा उभा आहे, ती बुरशीसुद्धा दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कापड कुजवत होती, तिथून ती लॅबमध्ये आली. आणि आपण मात्र स्ट्रेन घडवताना नेमकं उलटं करतो, जिथे काम करायचं आहे त्या जागेपासून त्याला जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवतो.

तुमच्यातल्या ज्यांनी हायड्रोलायझेट कधी हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते ते कसं असतं. काळपट तपकिरी, आरपार दिसत नाही, वास आंबट आणि करपट, बाटलीचं झाकण उघडलं की नाकाला झोंबतो. तळाला लिग्निनचा गाळ, हलवलं की पुन्हा वर. त्यात पेशी वाढतायत का बघायला ओडी, म्हणजे द्रवाचा गढूळपणा, मोजून काही उपयोग नसतो, कारण यीस्ट टाकायच्या आधीच मीटर काहीतरी अगडबंब आकडा दाखवतो, मग सॅम्पल पातळ करून प्लेटवर पसरायचं आणि दोन दिवसांनी कॉलनी मोजायच्या, नाहीतर फ्लास्कचं वजन करत बसायचं की किती कार्बन डायऑक्साइड उडून गेला. आणि हे पातळ हायड्रोलायझेटचं झालं. डिस्टिलेशनचा खर्च झेपायचा असेल तर आंबवणीच्या शेवटी निदान ४ टक्के इथेनॉल हवं असं या कामात धरतात, त्यासाठी ८ टक्के तरी साखर हवी, आणि तेवढी साखर हवी तर सुरुवातीला १५-२० टक्के सुका माल घालावा लागतो, आणि तेवढा माल घातला की सुरुवातीचे काही तास फर्मेंटरमध्ये द्रव नसतोच, ओला लगदा असतो, तो ओतता येत नाही, नीट ढवळता येत नाही आणि त्यातलं तापमान सगळीकडे सारखं राहत नाही.

या लगद्यात यीस्टला काय भेटतं? प्रीट्रीटमेंटच्या उष्णतेत थोडी साखर जळते, पाच कार्बनच्या साखरेचं फरफ्युरल होतं, ग्लुकोजचं एचएमएफ, लिग्निन तुटून फेनॉलसारखे पदार्थ सुटतात, आणि हेमिसेल्युलोजला चिकटलेले अ‍ॅसिटाइल गट सुटून लिटरला काही ग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं. फरफ्युरल आत आलं की यीस्ट आधी त्याला कमी विषारी अल्कोहोलमध्ये बदलत बसतं, त्यासाठी स्वतःचं एनएडीएच आणि एनएडीपीएच खर्चतं, आणि ते होईपर्यंत वाढ जवळजवळ बंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही, बारा तास गेले, अजून गेले, साखर आहे तिथेच. मग अचानक सुरू होतं, किंवा होतच नाही.

अ‍ॅसिटिक आम्लाचं गणित तर प्रत्येक पेपर तपासणाऱ्याने तोंडपाठ ठेवावं असं आहे. त्याचं पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं आम्ल प्रोटॉन सोडून फुटलेलं असतं तो आकडा, ४.७६. म्हणजे पीएच ५ ला एक तृतीयांशाहून जास्त आम्ल न फुटलेल्या रूपात असतं, आणि तेच रूप पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतं, आत गेलं की फुटतं, आतली आम्लता वाढवतं आणि पेशीला एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, खर्च करून प्रोटॉन बाहेर ढकलत बसावं लागतं. पीएच ६ ला हेच न फुटलेलं आम्ल जेमतेम ५ टक्के उरतं. आता तुम्ही पेपरमध्ये लिहिता की स्ट्रेन अ‍ॅसिटिक आम्ल सहन करतो, आणि प्रयोगाची पद्धत वाचायला घेतली की पीएच ६ सापडतो. पण सेल्युलोज फोडणारी एन्झाइमं ५ च्या आसपास चालतात, आणि पीएच वर नेला की लॅक्टिक बॅक्टेरियांनाही रान मोकळं मिळतं, त्यामुळे आम्हाला ५ वरच राहावं लागतं. तुमच्या पीएचला मिळालेला निकाल माझ्या फर्मेंटरला लागूच होत नाही. त्यात झायलोज खाताना पेशीला एटीपी हळूहळू मिळतं, म्हणजे ज्या वेळी आम्लाशी झगडायला सगळ्यात जास्त ताकद हवी नेमकी त्याच वेळी ती सगळ्यात कमी असते. ग्लुकोज आधी संपतं, झायलोज मागे उरतो, तोपर्यंत इथेनॉलही वाढलेलं असतं, आणि शेवटच्या टप्प्यात सगळं एकदम अंगावर येतं.

पीएचसारख्या अजूनही जागा आहेत जिथे आकडे खरे असूनही चित्र चुकतं. मीडियात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोन घातलेलं असतं, त्यात पेशीला सगळं आयतं मिळतं आणि तिची सहनशक्ती भलतीच वाढलेली दिसते, पण इंधन करताना कुणी टाकीभर पेप्टोन ओतणार नाही, ते कुठल्याच हिशोबात बसत नाही. दुसरं म्हणजे सुरुवातीला टाकलेल्या यीस्टचं प्रमाण, आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण हे बहुतेक वेळा नजरेतून सुटतं. भरपूर पेशी एकदम टाकल्या तर सगळ्या मिळून फरफ्युरलचा फडशा पाडतात, एकेका पेशीच्या वाट्याला थोडंसंच विष येतं, आणि कुठलाही स्ट्रेन दणकट वाटायला लागतो. त्याच स्ट्रेनच्या दहापट कमी पेशी टाकल्या तर तो उठतच नाही असं मी डोळ्यांनी बघितलंय. पेपरमध्ये हा आकडा असतो, नाही असं नाही, पण तो पूरक माहितीच्या कुठल्यातरी तक्त्यात असतो आणि सारांशात लिहिलेलं असतं की स्ट्रेन विषाला दाद देत नाही. तिसरं, हायड्रोलायझेट वापरलं असं म्हणायचं पण ते आधी चुना घालून, कोळशातून गाळून, किंवा पाचपट पातळ करून वापरायचं. करा ना, हरकत नाही, पण मग तेही सारांशात लिहा.

हे मी लेखनातल्या प्रामाणिकपणापुरतं म्हणत नाही, स्ट्रेनच बिघडतो म्हणून म्हणतेय. तुम्ही ज्या परिस्थितीत निवड करता त्याच परिस्थितीचं यीस्ट तुम्हाला मिळतं, ती उत्क्रांतीच आहे, दुसरं काही होऊच शकत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जैवऊर्जा संशोधन केंद्रातल्या गटाने झायलोजवर पिढ्यान् पिढ्या वाढवून वेगवान झालेल्या यीस्टचा जीनोम वाचला आणि २०१६ मध्ये कुठल्या जनुकांत बदल झाले ते छापलं. त्यात जीआरई३ होतं, आयएसयू१ होतं, आणि एचओजी१ आणि आयआरए२ ही दोन होती. यातलं एचओजी१ म्हणजे दाट साखरेसारखा, क्षारांसारखा ताण आला की पेशीला सावध करणारा पहारेकरी, आणि आयआरए२ गेलं की पेशीच्या आतला वाढीचा इशारा सतत चालू राहतो, संकटात थांबून स्वतःला सांभाळायची तिची सवय सुटते. म्हणजे स्वच्छ झायलोजवर पळायला शिकताना यीस्टने स्वतःचं चिलखत उतरवून ठेवलं. त्या संशोधकांनी हे शोधून उघड मांडलं यासाठी मला त्यांचं फार कौतुक वाटतं, कारण त्यामुळे आपल्या सगळ्यांना कळलं की चांगला झायलोज स्ट्रेन हायड्रोलायझेटमध्ये का कोलमडू शकतो. निवड पहिल्या दिवसापासून हायड्रोलायझेटमध्येच करत गेलं तर चिलखत उतरवणाऱ्या पेशी तिथल्या तिथे गळतील.

ब्राझीलच्या उसावर चालणाऱ्या डिस्टिलरीत हे न ठरवता घडलेलं आहे. तिथे यीस्ट पुन्हा पुन्हा वापरतात, प्रत्येक फेरीनंतर आम्लाने धुऊन परत टाकीत. बाहेरून आणून टाकलेली यीस्ट काही आठवड्यांत हरायची आणि रसाबरोबर आलेली रानटी यीस्ट टाकी ताब्यात घ्यायची, मग संशोधकांनी विचार केला की जी जिंकते आणि चांगलं आंबवतेही तीच उचलूया, त्यातून पीई-२ सारखे स्ट्रेन मिळाले आणि आज ते तिथे मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत. तुम्ही मात्र अजूनही बरंचसं काम सीईएन.पीकेसारख्या लॅबच्या स्ट्रेनवर करता कारण त्यात जनुकं बसवणं सोपं जातं. क्रिस्पर हे जनुकं नेमकी कापून बदलायचं तंत्र आल्यावर ही सबब फारशी राहिलेली नाही, प्रत्येक जनुकाच्या दोन-दोन किंवा जास्त प्रती असलेल्या दणकट औद्योगिक यीस्टमध्येही आता एका दमात बदल करता येतात. तेवढं मनावर घ्या.

आणि खऱ्या अडचणी समोर ठेवून काम करणारे तुमच्यात आहेत, हेही सांगायलाच हवं. २०१३ मध्ये इलिनॉयमधल्या गटाने दाखवलं की झायलोजच्या पहिल्या रस्त्यात जे जास्तीचं एनएडीएच साठतं तेच वापरून अ‍ॅसिटिक आम्लाचं इथेनॉल करता येतं, म्हणजे जे विष होतं तोच कच्चा माल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून शेजारच्या खोलीत सांगायला गेले होते. ही कल्पना फक्त त्याच माणसाला सुचते जो अ‍ॅसिटिक आम्लाला प्रयोगातून बाहेर न काढता समोर घेऊन बसतो. त्याच्या आधी न्यूरोस्पोरा बुरशीचे वाहक (साखर पेशीत आणणारी प्रथिनं) बसवून सेल्युलोजचे दोन-दोन ग्लुकोजचे जोडतुकडे थेट पेशीत घेण्याचं काम झालं, त्यामुळे बाहेर ग्लुकोज साठत नाही आणि झायलोज ताटकळत राहत नाही. २०१४ मध्ये यीस्टच्या साखर-वाहकातलं एकच अमिनो आम्ल बदलून ग्लुकोज असतानाही झायलोज आत घेता आला. हे सगळं सुंदर काम आहे, आणि म्हणूनच त्याचं खऱ्या लगद्यात काय होतं हे कळायची इतकी ओढ लागते.

कारखान्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेने २००७ च्या कायद्यात लिहिलं होतं की २०२२ पर्यंत वर्षाला १६ अब्ज गॅलन सेल्युलोजिक इंधन, आणि प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या आसपासही गेलं नाही. आयोवा, कॅन्ससमध्ये, इटलीत क्रेशेंतिनोला मोठे प्लांट २०१३ ते २०१५ च्या दरम्यान सुरू झाले आणि काही वर्षांतच थांबले. त्याचं खापर तुमच्या यीस्टवर फोडायचं नाही, कंपन्यांचा पैसा आटला, तेल स्वस्त झालं, काडाबरोबर माती-दगड येऊन यंत्रं अडकायची, अशी बरीच कारणं होती. पण त्यानंतर पैसे लावणाऱ्यांचा विश्वास पातळ झालाय. असा माणूस तुमचा पेपर घेऊन माझ्यासारखीकडे येतो आणि विचारतो की हे चालेल का, तेव्हा माझ्याकडे उत्तर द्यायला त्या पेपरमध्ये काहीच नसतं, आणि मग तेच यीस्ट मागवून, करार करून, महिनोन्महिने घालवून आम्हाला ते शोधावं लागतं. कित्येकदा आधी तीन ठिकाणी कुणीतरी तेच करून तेच बघितलेलं असतं आणि कुणीच छापलेलं नसतं.

तर आता नेमकं काय हवंय ते सांगते. पेपर तपासणाऱ्यांनो, सारांशात सहनशील, दणकट, औद्योगिक यांतला कुठलाही शब्द आला की चुना-कोळशाने साफ न केलेल्या, पातळ न केलेल्या हायड्रोलायझेटचा निदान एक आलेख मागा, पीएच ५ चा, पेप्टोनशिवायचा, आणि सुरुवातीला किती पेशी टाकल्या तो आकडा आलेखाखालीच छापायला लावा. नुसतं यील्ड, म्हणजे एक ग्रॅम साखरेमागे किती ग्रॅम इथेनॉल, बघू नका, ०.४५ चं यील्ड चार दिवसांनी मिळालं असेल तर त्याचा मला उपयोग नाही, आंबवणी सुरू व्हायला किती तास लागले आणि ताशी लिटरला किती ग्रॅम इथेनॉल झालं हे मागा. हायड्रोलायझेटमध्ये फरफ्युरल किती, अ‍ॅसिटिक आम्ल किती हा तक्ता नसेल तर पेपर परत पाठवा, कारण एकाचं सौम्य हायड्रोलायझेट आणि दुसऱ्याचं जहाल हायड्रोलायझेट या दोन्हींना एकच नाव आहे आणि तुलना करायला दुसरा मार्ग नाही. आणि जिथे स्ट्रेन शुद्ध साखरेत जिंकला आणि हायड्रोलायझेटमध्ये हरला तो निकालही छापण्याजोगा माना, माझ्या लेखी तो जास्त मोलाचा आहे.

पैसे देणाऱ्यांनो, तुमच्याकडे एक वेगळीच विनंती आहे. प्रत्येक लॅबला प्रीट्रीटमेंटचा रिअ‍ॅक्टर परवडत नाही, एखाद्या छोट्या गटातल्या पीएचडी करणाऱ्या मुलीने हायड्रोलायझेट आणायचं कुठून हा अगदी रास्त प्रश्न आहे, आणि माझ्या सगळ्या मागण्या तिथेच अडतात. म्हणून एक-दोन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर, ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या कच्च्या मालापासून हायड्रोलायझेट करा, त्याचं पूर्ण विश्लेषण करा, गोठवून ठेवा, आणि मागेल त्याला पाच-दहा लिटर पाठवा. एकच बॅच सगळ्यांकडे गेली की पहिल्यांदाच निरनिराळ्या लॅबचे स्ट्रेन एका रांगेत उभे करता येतील. एका प्रोजेक्टच्या खर्चात हे बसतं. आणि प्रोजेक्ट मंजूर करताना पहिल्याच वर्षात त्या हायड्रोलायझेटमधला प्रयोग झाला पाहिजे अशी अट घाला, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नको, तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं आणि बदलायला ना वेळ उरलेला असतो ना पैसा.

आणि स्ट्रेन घडवणाऱ्यांनो, तुमच्याकडे आत्ता फ्रीझरमध्ये जे यीस्ट आहे, ज्याचा पेपर अजून गेलेला नाही, ते पाठवण्याआधी जवळच्या कुणा प्रक्रियावाल्याला फोन करा आणि एक कॅनभर काळं हायड्रोलायझेट मागा. आमच्याकडे ते पडलेलं असतं. आम्ही नाही म्हणणार नाही.

आपली,
फर्मेंटरवर काम करणारी एक